पंक्चर आणि माझी घाई

काल भर रस्त्यात सायकलचं मागचं चाक बसलं, एकदम फुस्स. चाक काढलं, ट्यूब ओढून बाहेर घेतली, हवा भरली पण भोक काही दिसेना, जवळ पाणी पण नव्हतं, शेवटी ट्यूब गालाजवळ धरून फिरवली तेव्हा कुठे बारीकसा वारा लागला. पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच दाबला, तो अर्थातच सुटला. सोल्युशन ४-५ मिनिटं सुकू द्यायचं असतं, बोटाला चिकटणार नाही इतकं, पण एवढा धीर कुणाला! (मला तर नाहीच.) दुसऱ्यांदा नीट बसला. मग टायरच्या आतून हळूच बोट फिरवलं तर काटा अजून तिथेच, तशीच ट्यूब घातली असती तर परत बोंब. हात अजून काळेच आहेत.