परतवाडा ते धारणी: पेट्रोल टाकी आतून खोलून परत बसवताना

परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा रस्ता मेळघाटातून जातो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण घाट आणि वळणं भरपूर, आणि मोबाइलला रेंज मधूनमधूनच. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला मेळघाट हा एक. अशा जंगलात रस्त्याकडेला मोटरसायकलची टाकी खोलून बसायची वेळ कुणावर येऊ नये. टाकीबद्दल जराही शंका असेल तर ती परतवाड्यातच खोला, नीट बसवा आणि मगच घाटाला लागा.

दिवाळीनंतर आम्ही अमरावतीहून निघालो. आतेभावाची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). पावसाळाभर ती अर्ध्या टाकीवर उभी होती. आसेगावपर्यंत छान चालली, पुढे मात्र दम सोडायला लागली. वेग कमी व्हायचा, मग बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. संत्र्याच्या बगीच्यांच्या कडेने थांबत थांबत परतवाडा गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाले, "टाकी खोलाच्या पयले ढक्कन उघडून पाय नं भाऊ. कायले उगाच पाना लावतं?"

त्यांचं म्हणणं सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. टाकीच्या झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल खाली जाताना वर हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि धार आटते. झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर दोष झाकणात. पक्की खात्री करायची तर कॉकपासून (टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ) कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडायचा. झाकण बंद असताना धार हळूहळू बारीक होत गेली तर हवेचं भोक बंद आहे. झाकण उघडूनही पहिल्यापासून बारीकच असेल तर आतली जाळी तुंबली आहे. आमची धार उघड्या झाकणातही बारीकच होती.

मग टाकी उतरवली. सीट काढा, टाकीचा मागचा बोल्ट काढा, कॉक बंद करून पाइप सोडवा, पेट्रोल मीटरची वायर असेल तर तिचा कपलरही सोडवा, आणि टाकी मागे ओढून वर उचला. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. काम उघड्यावर, सावलीत करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचू शकते. काकांनी शेजारच्या टपरीवाल्याला शेगडी विझवायला लावली आणि बिडीवाल्यांना अंगणाबाहेर काढलं, मगच पाना हातात घेतला. इतकी शिस्त बघून मला फार बरं वाटलं.

टाकी रिकामी करताना लक्षात ठेवा, की मधून गाडीच्या सांगाड्याचा पाइप जात असल्यामुळे तिचा तळ दोन भागांत वाटलेला असतो. कॉक एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल तसंच राहतं. ते काढायला टाकी कलती करावी लागते. (हीच युक्ती रस्त्यातही कामी येते. रिझर्व्ह, म्हणजे तळाचं राखीव पेट्रोल, संपलं तर गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलती करा, पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल इकडे येतं आणि पुढचं गाव गाठता येतं.)

कॉक काही गाड्यांत दोन बोल्टांवर बसतो, काहींत एकाच मोठ्या नटावर. तो ओढला की आतली उभी नळी बाहेर येते. या नळीचं वरचं तोंड म्हणजे 'ऑन', बुडाजवळचं भोक म्हणजे 'रिझर्व्ह'. दोन्हींभोवती बारीक जाळी. आमच्या जाळीवर गंजाचा तपकिरी गाळ चहाच्या गाळणीतल्या पुडीसारखा बसला होता. कॉकखालच्या वाटीत पाण्याचे थेंबही निघाले. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की वरच्या पत्र्याला आतून दव धरतं आणि गंज सुटतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं, म्हणून असा त्रास रिझर्व्हवर आधी जाणवतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी शोषून घेतं आणि फार झालं की पाण्यासकट वेगळं होऊन खाली बसतं. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा.

जाळी पेट्रोलमध्ये मऊ ब्रशने धुवायची, तारेने खरवडायची नाही. पेट्रोल मीटरचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) टाकीच्या खालून एका पट्टीवर बसवलेला असतो. त्याची दांडी लांब असते, म्हणून सरळ न ओढता तिरकी फिरवत काढावी. दांडी वाकली की मीटर कायमचं खोटं बोलतं. कुठल्या दिशेला तोंड होतं त्याचा काढण्याआधीच फोटो घ्या. तो घेताना फोन टाकीच्या तोंडाशी नेऊ नका. फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत खळखळ आली तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो बदलावा लागेल.

गंज थोडा असेल तर टाकीत मूठभर स्वच्छ नट आणि थोडं पेट्रोल घालून हलवलं तरी भागतं. नट मोजून घाला आणि मोजून काढा. जास्त असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून रात्रभर पांढरं व्हिनेगर भरून ठेवायचं, मग पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं. वाळल्यावर लगेच आतून टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवायचं, नाहीतर उघडा पत्रा काही वेळातच परत तांबूस होतो.

इथपर्यंतचं काम कुणीही करील. गळू नये अशी टाकी बसवणं, कसोटी तिथे लागते. कॉक आणि टाकीच्या मधली जुनी ओ-रिंग (रबरी कडी) पेट्रोलमध्ये फुगलेली असते, ती खाचेत परत बसत नाही. काही जण दाबून बसवतात, ती चिरते आणि घाटात गळती सुरू होते. अडचणच असेल तर ती काही तास हवेत उघडी ठेवा, बरीच आकसते. पण नवी मिळत असताना जुनी लावू नका. कॉकच्या बोल्टांना साधे लोखंडी वायसर चालत नाहीत, कारण पेट्रोल आट्यांतून झिरपतं. तिथे फायबरचेच वायसर हवेत. सिलिकॉनचा लेप तर अजिबात नको. पेट्रोलमध्ये तो सुटतो आणि त्याचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत, अडकतात. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. टाकीतले आटे नाजूक असतात, ते गेले तर टाकीच बदलायची पाळी येते.

गाडीवर चढवण्याआधी अर्धा लिटर पेट्रोल घालून टाकी कोऱ्या वर्तमानपत्रावर विटांच्या आधाराने ठेवा. कॉकचं बाहेरचं तोंड बंद करा आणि 'ऑफ', 'ऑन', 'रिझर्व्ह' तिन्ही ठिकाणी थोडा थोडा वेळ थांबा. कागदावर डाग पडला तर परत खोला. मीटर दाखवतं का ते बघायला उघड्या टाकीवर चावी लावू नका, सगळं बंद होऊन वाफ उडाल्यावर लावा.

ज्यांची गाडी इंजेक्शनवाली आहे, म्हणजे बीएस-६ नंतरच्या जवळपास सगळ्या, त्यांनी टाकीतला पंप वाटेत खोलूच नये. त्या पाइपात दाब असतो, आणि पंपाखालचं रबर दुखावलं तर तिथे दुसरं मिळणार नाही. पंपाला थंड ठेवण्याचं काम पेट्रोलच करतं, म्हणून तळ लागेपर्यंत गाडी दामटू नका.

परतवाड्यात टाकी भरून घ्या. मधल्या गावांत दुकानावर बाटलीत पेट्रोल मिळालंच तर कापडातून गाळून टाका. सोबत आपल्या कॉकची ओ-रिंग, चार फायबर वायसर, हातभर पेट्रोल पाइप, दोन क्लिपा आणि कपड्याच्या साबणाची वडी ठेवा. पत्र्याला सुईएवढं भोक पडलं तर ओला साबण घासून भरा, तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही, धारणीपर्यंत तात्पुरता टिकू शकतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढलो, गाडी एकदाही अडखळली नाही. सेमाडोहला चहासाठी थांबलो तेव्हा कॉकखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. तुम्हीही तिथे थांबाल तेव्हा पाहा, आणि ओल लागली तर इंजिन थंड होऊ देऊन दोन्ही बोल्ट पाव पाव वेढा आवळा.