पतपेढीची हरवलेली खाती आणि जीलिबसीची आवृत्ती

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाची मुदत संपली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, म्हणून अनेक संस्थांनी त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत आपले सर्व्हर नव्या वितरणावर हलवले. लालबागमधील एका जुन्या पतपेढीनेही तेच केले. या पतपेढीची हिशेबाची प्रणाली आमचा लहानसा चमू सांभाळतो. ती संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि तिच्या तळाशी पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. प्रणालीची आरपीएम पॅकेजेस, म्हणजे सर्व्हरवर बसवण्यासाठी बांधलेले सॉफ्टवेअरचे संच, तयार करणे आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या लायब्ररीच्या (अनेक कार्यक्रम मिळून वापरतात अशा तयार कोडच्या संग्रहाच्या) कोणत्या आवृत्तीवर अवलंबून आहे याची नोंद ठेवणे, हे माझे काम. सर्व्हर हलवण्याचे कंत्राट दुसऱ्या एका व्यावसायिकाकडे होते आणि त्याने ते काळजीपूर्वक केले होते, हे मी सुरुवातीलाच सांगतो. पुढे जे घडले त्यात त्याचा हलगर्जीपणा नव्हता.

त्याची पद्धत सर्वमान्य होती. नव्या सर्व्हरवर, म्हणजे आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ९ च्या घराण्यातील वितरणावर, त्याने पोस्टग्रेसची तीच १२ वी आवृत्ती बसवली, जुन्या सर्व्हरवरून त्यावर अखंड प्रतिकृती सुरू केली आणि शनिवारी रात्री जुना सर्व्हर बंद करून नव्याला मुख्य केले. सर्व तक्त्यांतील ओळींची संख्या जुळली. डेटाच्या पानांचे चेकसम, म्हणजे बाइट बदलले नाहीत हे तपासण्याचे आकडे, जुळले. रविवारी त्याने चाचणीसाठी काही खाती उघडून पाहिली, तीही दिसली.

सोमवारी १ जुलै होती. पहिल्या तारखेला पतपेढीत हप्ते आणि ठेवी भरणाऱ्यांची रांग लागते. काउंटरवरील लिपिकाचा फोन आला तेव्हा त्याच्या मागचा गलबला मला स्पष्ट ऐकू येत होता. "सर, काका समोर उभे आहेत, पासबुक हातात आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतोय असं खातंच नाही." मी दादरहून धीमी गाडी पकडून करी रोडला उतरलो आणि पावसातून चालत पतपेढी गाठली.

ते काका गिरणीतून निवृत्त झालेले सभासद होते. पासबुकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने खाते क्रमांक लिहिलेला होता: १-२०. या पतपेढीचे क्रमांक दोन तऱ्हेचे आहेत. एकच कार्यालय होते त्या काळातल्या सभासदांना साधे क्रमांक मिळाले, जसे ११ किंवा १२०. पुढे शाखा निघाल्या तेव्हा शाखेचा आकडा, मग आडवी रेघ, मग सभासदाचा आकडा अशी पद्धत आली. संगणकात हे दोन्ही प्रकार एकाच रकान्यात मजकूर म्हणून साठवलेले आहेत. सभासदांची पूर्ण यादी छापली की त्यात काकांचे नाव, क्रमांक आणि शिल्लक व्यवस्थित दिसत होती, पण तोच क्रमांक शोधाच्या चौकटीत टाकला की "नोंद आढळली नाही" असे उत्तर येत होते. त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर एका सभासदाचा कर्जाचा हप्ता नोंदवला जात नव्हता, कारण ज्या खात्यावर तो हप्ता टाकायचा ते खातेच अस्तित्वात नाही अशी तक्रार डेटाबेस करत होता.

मी आतल्या खोलीतील टर्मिनलवर बसून थेट डेटाबेसला विचारले की १-२० क्रमांकाची ओळ दे. शून्य ओळी आल्या. मग इंडेक्सचा (शोध झटपट लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो त्या सूचीचा) वापर तात्पुरता बंद करून, शब्दही न बदलता तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा एक ओळ आली. म्हणजे माहिती जागेवर होती आणि तिच्यापर्यंत नेणारी वाट मोडली होती. डेटाबेस चालवणाऱ्या कोणाच्याही पोटात गोळा यावा असे हे दृश्य आहे, कारण कोठेही त्रुटीचा संदेश नसतो. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही तितक्याच आत्मविश्वासाने दिलेली असतात.

इंडेक्समध्ये रकान्यातील नोंदी क्रमाने लावलेल्या असतात. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो आणि हवा असलेला शब्द त्याच्या आधी येईल की नंतर हे ठरवून अर्धा कोश बाजूला सारतो. इंडेक्सचा शोधही तसाच चालतो. ज्या क्रमाने कोश लावला, त्याच क्रमाने शोधणाराही विचार करत असेल तरच शब्द सापडतो. क्रमाचा नियम मधल्यामध्ये बदलला, तर काही शब्द योगायोगाने सापडतात आणि काही कधीच सापडत नाहीत. रविवारच्या चाचणीतील खाती सापडणाऱ्यांपैकी होती.

जुना सर्व्हर अजून कपाटात जोडलेलाच होता. तो सुरू करून दोन्ही यंत्रांवर मी एकच लहान चाचणी केली: ११ आणि १-१ या दोन ओळी क्रमवारी लावणाऱ्या आज्ञेला द्यायच्या आणि आधी कोणती येते ते पाहायचे. (प्रत्यक्षात हे आकडे इंग्रजी अंकांत होते.) जुन्या यंत्राने ११ आधी आणि १-१ नंतर दिले. नव्या यंत्राने १-१ आधी आणि ११ नंतर दिले. आमच्या चमूतील तरुण सहकारी शेजारी उभी होती. तिने पडद्याकडे पाहत विचारले, "सर, डेटाबेसची आवृत्ती तर तीच आहे ना?" डेटाबेसची आवृत्ती तीच होती. बदलली होती ती त्याच्या खालची जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम जिच्यावर उभा असतो ती मूळ सी लायब्ररी. सेंटओएस ७ मध्ये तिची २.१७ ही आवृत्ती आहे, तर आरएचईएल ९ मध्ये २.३४.

या दोहोंच्या मध्ये, ऑगस्ट २०१८ मध्ये, २.२८ आली. तिच्यात मजकुराच्या क्रमवारीची माहिती आयएसओ १४६५१ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीशी जुळवून घेण्यात आली. जुन्या नियमात आडवी रेघ पहिल्या तुलनेत मोजलीच जात नसे, त्यामुळे १-२० हे जणू १२० असल्यासारखे ११९ आणि १२१ यांच्या मध्ये जाऊन बसत असे. नव्या नियमात रेघ हे स्वतंत्र चिन्ह ठरले आणि त्याचे स्थान अंकांच्या आधी आले, म्हणून १-२० आता १० च्याही आधी येते. मला विचाराल तर नवा नियम जुन्यापेक्षा चांगला आहे आणि जीलिबसीच्या लोकांनी तो आणला हे योग्यच केले. पण पतपेढीच्या सर्व्हरवरील इंडेक्स जुन्या नियमाने रचलेला होता, आणि प्रतिकृतीच्या पद्धतीत इंडेक्सची पाने बाइटगणिक जशीच्या तशी उतरतात. चेकसम जुळले ते त्यामुळेच. एकही बाइट बिघडलेला नव्हता.

इथे माझ्या रोजच्या कामाचा संबंध येतो, आणि त्या दिवसापासून मी डिपेंडन्सीकडे, म्हणजे एक सॉफ्टवेअर दुसऱ्यावर अवलंबून असण्याकडे, वेगळ्या नजरेने पाहतो. आरपीएम पॅकेज बांधले जाते तेव्हा त्याच्या गरजांची यादी बहुतांशी आपोआप तयार होते. बांधणीचे साधन बायनरी (यंत्राने चालवायची तयार फाइल) तपासते, ती जीलिबसीतील कोणती फंक्शन्स वापरते ते पाहते आणि प्रत्येक फंक्शनला चिकटवलेल्या आवृत्तीच्या लेबलांवरून किमान अट लिहिते. मजकुराची तुलना करणाऱ्या स्ट्रकोल या फंक्शनचे लेबल आजच्या ६४ बिट इंटेल यंत्रांवर २.२.५ आहे. ते २.१७ मध्येही तेच होते आणि २.३४ मध्येही तेच आहे, कारण फंक्शनचे नाव, त्याला द्यायच्या गोष्टी आणि त्याच्या उत्तराचा प्रकार यांपैकी काहीच बदललेले नाही. पॅकेज व्यवस्थापकाच्या दृष्टीने अट पूर्ण झाली होती आणि ती खरोखरच पूर्ण झाली होती. फंक्शन उपलब्ध आहे एवढीच हमी त्या अटीत असते. ते कालच्याप्रमाणेच उत्तर देईल, ही हमी तिच्यात कधीच नव्हती.

मग पॅकेजमध्ये जीलिबसीची नेमकी आवृत्ती लिहून टाकावी, असे वाटणे साहजिक आहे. सहकारीनेही ते लगेच सुचवले. परंतु त्याने हा प्रश्न सुटत नाही. नव्या सर्व्हरवरचे पोस्टग्रेसचे पॅकेज त्या वितरणासाठीच बांधलेले होते, त्यामुळे त्यात २.३४ ची अट असती तरी ती सुखाने पूर्ण झाली असती. इंडेक्स ज्या जीलिबसीने रचला तिच्यावर खरे अवलंबून होती ती डेटाची फाइल, आणि डेटाची फाइल हे पॅकेज नसते. ती कोणत्या लायब्ररीच्या सावलीत वाढली हे लिहून ठेवायला पॅकेज व्यवस्थापकाकडे जागाच नाही. आयसीयू या मजकुराची क्रमवारी लावू शकणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीच्या बाबतीत निदान आवाज तरी होतो: तिच्या फाइलच्या आणि फंक्शनच्या नावातच मुख्य आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे ती बदलली की जुनी बायनरी सुरूच होत नाही. शिवाय आयसीयूच्या क्रमवारीची आवृत्ती पोस्टग्रेस १० व्या आवृत्तीपासून स्वतःकडे नोंदवून ठेवते. जीलिबसीसाठी अशी नोंद १३ व्या आवृत्तीत सुरू झाली आणि संपूर्ण डेटाबेसच्या मूळ क्रमवारीसाठी १५ व्या आवृत्तीत. आमच्याकडे होती १२ वी.

व्यवस्थापक मॅडमना मी दारात गाठून सांगितले, "मॅडम, पैसे कुठेही गेलेले नाहीत, पण आता एकही नवी नोंद संगणकात जाता कामा नये." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "काउंटर बंद नाही करणार, पहिली तारीख आहे. पावतीपुस्तकं काढते." कपाटातून कार्बन लावलेली जुनी पावतीपुस्तके निघाली आणि रांग पुन्हा सरकू लागली. त्यांचा हा निर्णय त्या दिवसातला सर्वात मोलाचा होता असे मला आजही वाटते. लोकांचा पतपेढीवरचा विश्वास काउंटर उघडे राहण्यात असतो, हे त्यांनी मला समजावून सांगावे लागले नाही.

जुन्या सर्व्हरवर परतणे शक्य नव्हते, कारण सकाळपासूनच्या नोंदी नव्यावर झालेल्या होत्या. संपूर्ण डेटाची प्रत बाजूला काढून मग आम्ही अ‍ॅमचेक हे पोस्टग्रेससोबत येणारे तपासणीचे साधन एकेका इंडेक्सवर चालवले. आकड्यांवरचे इंडेक्स निर्दोष निघाले. मजकुरावरच्या इंडेक्सपैकी जेथे रेघ असलेले क्रमांक होते, तेथे क्रमाचा नियम मोडल्याचा संदेश आला. उपाय तसा सोपा असतो: इंडेक्स नव्या नियमाने पुन्हा रचायचा. पण सभासदांच्या मुख्य इंडेक्सची पुनर्रचना अर्ध्यावर थांबली आणि पडद्यावर आले की एक क्रमांक दोनदा आढळला आहे.

ही बाब शोध न लागण्यापेक्षा कितीतरी गंभीर होती. सकाळी खाते सापडत नाही असे पाहून एका काउंटरवर जुन्या सभासदाची नोंद पासबुकावरून पुन्हा करण्यात आली होती, आणि एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारी डेटाबेसची अटही त्याच मोडक्या इंडेक्सला विचारून निर्णय घेत असल्यामुळे तिने ही दुसरी नोंद बिनतक्रार स्वीकारली होती. इंडेक्स न वापरता आम्ही दुहेरी क्रमांक शोधले. ते मोजकेच होते. प्रत्येकासाठी मॅडमनी कागदी खतावणी मागवली, जुनी नोंद कोणती आणि सकाळची कोणती हे स्वतः पडताळले, सकाळी जमा झालेली रक्कम मूळ खात्यावर वळवायला लावली आणि मगच दुसरी नोंद काढू दिली. यंत्राने हे काम करावे असे मी सुचवलेसुद्धा नाही. कोणाचे पैसे कोणाच्या नावावर आहेत हे ठरवण्याचा अधिकार तिथे त्यांचा होता.

त्यानंतर पुनर्रचना पूर्ण झाली, अ‍ॅमचेकने सर्व इंडेक्स निर्दोष ठरवले आणि हाती लिहिलेल्या पावत्या संध्याकाळपर्यंत संगणकात चढल्या. काकांच्या खात्यावरची ठेव त्यांतच होती.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे खाते क्रमांकासारख्या रकान्यांना पोस्टग्रेसमधील "सी" ही क्रमवारी लावली, जी केवळ बाइटांची तुलना करते आणि जीलिबसीला काहीच विचारत नाही. क्रमांक ही ओळख आहे, तिला कोणत्याही भाषेच्या क्रमाची गरज नाही. नावांचे मात्र तसे नाही. बाइटांच्या क्रमाने मराठी नावे लावली तर ळ हे अक्षर ल च्या मागोमाग आणि व च्या आधी येते, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे, आणि आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो हे सभासदांची यादी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून नावांची क्रमवारी आम्ही फक्त याद्या छापताना, आयसीयूकडून करून घेतो. त्यावर कोणताही इंडेक्स टेकलेला नाही.

दुसरा बदल पॅकेजमध्ये केला. डेटाबेस पहिल्यांदा तयार होतो तेव्हा आमची स्क्रिप्ट जीलिबसीची आवृत्ती आणि काही निवडक क्रमांकांची त्या यंत्रावरची क्रमवारी डेटाच्याच निर्देशिकेतील एका लहान फाइलमध्ये लिहून ठेवते. ही फाइल प्रतिकृतीबरोबर, बॅकअपबरोबर, डेटा जिथे जाईल तिथे जाते. सेवा सुरू होण्यापूर्वी दर वेळी आवृत्ती तपासून तीच क्रमवारी पुन्हा केली जाते, आणि आवृत्ती किंवा उत्तर वेगळे आले तर कोणती आवृत्ती अपेक्षित होती व कोणती मिळाली हे मराठीत सांगून सेवा सुरू होण्याचे नाकारते. अलीकडे दुसऱ्या एका संस्थेच्या चाचणी-सर्व्हरवर पायाची प्रतिमा (ज्या तयार प्रणालीवर सेवा उभी केली जाते ती) डेबियन या लिनक्स वितरणाच्या ११ वरून १२ वर गेली, म्हणजे जीलिबसी २.३१ वरून २.३६ झाली, तेव्हा या तपासणीने सेवा रोखून धरली. सहकारीने मजकुरावरचे सर्व इंडेक्स पुन्हा रचले, अ‍ॅमचेक चालवले, फाइलमधील नोंद बदलली आणि मगच नवी प्रतिमा मुख्य सर्व्हरवर पाठवली.