चहाला गेलात तर खालच्या ताटलीपासून सुरुवात करा

लंडनला आमच्याकडे कुणीही पाहुणे आले की बिग बेन, टॉवर ब्रिज झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हळूच विषय निघतोच, ते तीन मजली स्टँडवर केक येतात ना, तसला चहा एकदा प्यायचाय गं. आणि मी दरवेळी शिताफीनं टाळते, कारण मोठ्या हॉटेलात हे प्रकरण माणशी 80 पौंडांच्या आसपास जातं आणि कुणी मनातल्या मनात रुपये करायला लागलं की त्याच्या घशाखाली काही उतरत नाही. पण यावेळी आत्या आणि आतोबा आले होते, आत्याच्या पंचाहत्तरीचं निमित्त होतं, मग म्हटलं करायचंच तर रिट्झ हॉटेललाच करू. बुकिंग मात्र बरंच आधी करून ठेवावं लागतं, आयत्या वेळी जाऊन उभं राहिलं तर काही उपयोग नाही.

तिथे पुरुषांना कोट-टाय सक्तीचा, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. आतोबा तर फक्त स्वेटर आणि चालायचे बूट घेऊन आलेले, मग नवऱ्याचा ब्लेझर चढवला, बाह्या पार बोटांपर्यंत. आत्याला काही टेन्शनच नाही, नारायणपेठी नेसली, मोत्याच्या कुड्या घातल्या की झालं, ग्रीन पार्क स्टेशनच्या बाहेर दोन बायकांनी थांबवून साडीचं कौतुक केलं तर हिनं त्यांना काठाबद्दल माहिती द्यायला सुरुवात केली. शेवटी ओढून न्यावं लागलं.

हॉटेल 1906 सालचं. चहा जिथे देतात ते पाम कोर्ट म्हणजे नुसता थाट, आरसे, सोनेरी नक्षी, कोपऱ्यात पियानो. तर ते जाऊदे, मला बोलायचंय ते खाण्याबद्दल. कारण बघते ना मी, सगळे जण वरच्या ताटलीतल्या केक-पेस्ट्रीचे फोटो काढतात आणि खालच्या सँडविचकडे बघतही नाहीत, आणि माझं ठाम मत आहे की खरी करामत खालीच असते. खायचा क्रमही तोच, आधी खालची सँडविचेस, मग स्कोन (बनासारखा छोटा, भुसभुशीत पाव), सगळ्यात शेवटी गोड.

त्यात पण काकडीचं सँडविच! आतोबा बघून म्हणाले, "अगं, एवढे पैसे घेऊन काकडी?" पण नीट बघा ना ते. काकडी सोलून कागदासारखी पातळ कापतात, मीठ लावून तिचं पाणी काढतात (कोशिंबिरीला आपण पिळून घेतो तसंच), आणि ब्रेडला लोणी अगदी कडेपर्यंत लावतात, म्हणजे उरलंसुरलं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही, मग कडा कापून बोटाएवढ्या पट्ट्या. यातलं एक जरी चुकलं ना की सँडविचचा लगदा होतो, आणि तो लपवायला वर चटणी नाही, चाटमसाला नाही, काहीच नाही. मुंबईचा सँडविचवाला पण लोणी असंच कोपऱ्यापर्यंत फासतो, फक्त त्याच्याकडे हिरव्या चटणीचा आधार असतो. व्हिक्टोरियन काळात इथल्या थंडीत काकडी काचेच्या घरात वाढवावी लागायची, म्हणजे ज्याच्याकडे माळी आणि जागा त्याच्याच ताटात काकडी. तेव्हा हे पोटभरीचं खाणं नव्हतंच, पोट आधीच भरलेल्यांचं खाणं होतं.

दुसरं अंड्याचं, त्यात बारीक हिरवी पानं असतात, क्रेस म्हणतात. आत्यानं एक पान काढून चावून बघितलं आणि म्हणाली हे ओळखीचं लागतंय. लागणारच, हळिवाचंच रोप ते! ज्याच्या बियांचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, त्याची कोवळी पानं इथे रिट्झमध्ये अंड्यात. "बघ, मी तुझ्या आईला हेच सांगत होते," म्हणाली, आता काय सांगत होती ते तिलाच ठाऊक. आतोबांना कॉरोनेशन चिकन आवडलं, 1953 मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या जेवणासाठी केलेला पदार्थ, चिकनला करी पावडर आणि मेयोनेज. माझ्या मते ओव्हररेटेड. आणि एक, सँडविचेस संपली की परत विचारतात, लाजायचं नाही, हो म्हणायचं.

चहाची यादी ही एवढी लांब. आत्यानं आसाम घेतला आणि दूध मागितलं, ते बरोबरच, तो दुधाला पेलतो. मी दार्जिलिंग, त्यात दूध घालू नका प्लीज. लॅपसँग सूशाँग मात्र आधी वास घेऊनच मागवा, पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, चुलीजवळ बसल्यासारखं वाटतं. किटलीबरोबर दुसऱ्या भांड्यात नुसतं गरम पाणी येतं, ते हात धुवायला नाही, चहा मुरून कडक झाला की पातळ करायला.

मग स्कोन. सुरीनं कापायचा नाही, हातानं उघडायचा, वर जॅम आणि क्लॉटेड क्रीम, म्हणजे आपल्या दाट सायीसारखं. डेव्हन आणि कॉर्नवॉल हे इथले दोन शेजारी जिल्हे, डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम, आणि त्यावरून ते खरंच भांडतात. मी कॉर्नवॉल पार्टी. आत्यानं क्रीम चमच्यानं नुसतंच खाल्लं आणि स्कोन बाजूला ठेवला.

वरची ताटली येईपर्यंत तिघंही गार झालो होतो, केक छान होते, बाकी काही आठवत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, मूसमध्ये (फेसाळ, हलक्या गोड पदार्थात) जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून करतात.

ही दुपारच्या चहाची फॅशन 1840 च्या आसपास बेडफर्डच्या डचेसनं पाडली असं सांगतात, दुपारचं जेवण हलकं आणि रात्रीचं पार उशिरा, मधे तिला भूक लागायची. पण इंग्लंडच्या दरबारात चहाची चटक त्याआधीच लागली होती, 1662 मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून आलेल्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनमुळे. तिच्याच हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली. मी हे सांगितल्यावर गिरगावात जन्म गेलेले आतोबा ताठ बसले. पुढे 1668 मध्ये राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्यानं दिली हे कळल्यावर त्यांनी बिलाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे या तीन चहांत आपली चोवीस वर्षांची मुंबई गेली."

एवढा खर्च नको असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कॅफेत जा, म्युझियममध्ये प्रवेश फुकट आहे आणि तिथल्या जुन्या टाइल्सच्या खोल्यांत बसून चहा-स्कोन मिळतो, ना कोट ना टाय. काकडीचं सँडविच मात्र घरीच करून बघा, आणि रात्रीचा स्वयंपाक त्या दिवशी करू नका, कुणी जेवत नाही.