न वळलेली चेता

वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना उत्क्रांतीचा विषय निघाला की मी बहुधा टिकटालिकचे चित्र दाखवत असे. 2004 साली कॅनडाच्या एल्समिअर बेटावर सापडलेला, सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा चतुष्पाद प्राण्यांच्या वाटेवरचा मानला जातो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्या चित्राची मला फारशी गरज पडलेली नाही.

त्या दिवशी गळ्याचे विच्छेदन चालू होते. मेंदूतून निघालेली व्हेगस चेता स्वरयंत्राच्या जवळूनच खाली जाते, पण स्वरयंत्राचे बहुतेक स्नायू हलवणारी तिची ‘रिकरंट’ (माघारी वळणारी) शाखा तिथे सुटत नाही. डावीकडे ती छातीत महाधमनीच्या कमानीखालून आणि उजवीकडे हाताला रक्त नेणाऱ्या सबक्लेवियन धमनीखालून वळसा घेऊन पुन्हा वर चढते. जिराफात तर या उफराट्या प्रवासाची लांबी काही मीटर भरते.

‘‘मॅडम, उजवीकडची सापडत नाही, आमच्याकडून कापली गेली बहुतेक,’’ तिसऱ्या टेबलावरची विद्यार्थिनी ओशाळून म्हणाली. असे दरवर्षी घडते, म्हणून मी फारसे मनावर न घेता चिमटा हातात घेतला. धमनीची खालची बाजू पूर्ण साफ करूनही काही मिळेना. अखेर थायरॉइडच्या मागे एक पांढरा तंतू दिसला. तो व्हेगसपासून निघून जवळजवळ आडवा, थेट स्वरयंत्रात शिरत होता. पाठ्यपुस्तकात शंभरात एकाहूनही कमी सांगितलेली ही रचना मी प्रथमच पाहत होते. पुस्तकाचे म्हणणे खरे असेल तर दोष धमनीत असायला हवा होता, म्हणून आम्ही छातीत शोध घेतला. उजवी सबक्लेवियन महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून डावीकडून निघाली होती आणि अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे गेली होती.

मानवी भ्रूणाच्या गळ्यात चौथ्या-पाचव्या आठवड्यात कमानी असतात, आणि प्रत्येकीत एक धमनी. माशांत याच मांडणीतून कल्ल्यांना रक्त मिळते. त्यांचे हृदय डोक्यालगत असल्याने व्हेगसच्या शाखा त्या धमन्यांमागून सरळ जातात. आपल्यात मान लांबली, हृदय छातीत उतरले आणि धमनीमागे अडकलेली चेता तिच्याबरोबर खाली ओढली गेली. उजवीकडे सहाव्या कमानीच्या धमनीचा बाहेरचा भाग नाहीसा होतो, म्हणून चेता चौथीला, म्हणजे जिच्यापासून पुढे सबक्लेवियन बनते तिला, अडकते. या देहात चौथीही लोपली होती आणि अडकायला काही उरलेच नव्हते.

हा वळसा सोयीसाठीच आहे, कारण चेता वाटेत श्वासनलिकेलाही तंतू पुरवते, असे म्हणणारे भेटतात. पण वळसा नसलेल्या माणसांचा आवाज सहसा इतरांसारखाच असतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत चुकून कापली जाण्याचाच काय तो धोका.

आठवड्याने त्या मुलीने जर्नल तपासायला आणले. चित्रात तिने चेतेपेक्षा धमनीच अधिक ठळक रंगवली होती. मी सही केली.