गव्हाला स्फुरद (फॉस्फरस) पेरून दिलं, त्याचा अनुभव

निफाड तालुक्यातलं आमचं रान काळं, चुनखडीचं. सोयाबीन निघालं की गहू, हे ठरलेलं. पण गव्हाला फुटवे, म्हणजे बुडातून निघणाऱ्या जास्तीच्या काड्या, कमी यायचे आणि दोष थंडीवर जायचा. गव्हाला तर थंडी हवीच असते! म्हणून मी माती तपासून घेतली.

नमुना घेताना बांध, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा सोडली. नागमोडी चालत व्ही आकाराचे खड्डे घेतले, त्यांच्या कडेची वीतभर खोलीपर्यंतची माती तासली, सावलीत वाळवून त्यातली अर्धा किलो दिली. अहवाल आला: सामू (पीएच) आठच्या वर, स्फुरद कमी.

अशा जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, जागचं फारसं हलत नाही. नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर मुळाशी येतं, स्फुरदापर्यंत मात्र मुळालाच जावं लागतं. कोवळ्या रोपाचं मूळ ते केवढं! पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडातली मुख्य मुळं, फुटतात, फुटवेही त्याच सुमारास. तेव्हा स्फुरद कमी पडलं तर हुकलेले फुटवे मागून खत देऊन भरून निघत नाहीत.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, म्हणजे एकरी तीन गोण्या. डीएपी या दुसऱ्या स्फुरदाच्या खताची एकच पुरते, पण गंधकही मिळतं म्हणून मी सुपर घेतलं.

आबांचा भर खत फेकण्यावर. "शेवटी मातीतच जातं ना?" म्हणाले. मग एक पट्टा त्यांच्या पद्धतीने ठेवला आणि बाकी रानात दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, बियाण्यासोबत खत पेरलं.

पहिल्या पाण्यानंतर वाफसा आला तशी दोन्हीकडची रोपं उपटून मुळं धुतली. पेरलेल्याला मुळांचा दाट झुपका, बुडातून फुटवे. फेकलेल्या पट्ट्यातलं रोप गर्द हिरवं, पण बुटकं, एकखोडी, खालच्या पानाला जांभळट झाक.

"हिरवं होतं, मला काही कळलं नसतं," आबा म्हणाले. खरंय. नत्र कमी पडलं की पीक पिवळं पडतं, स्फुरदाचं तसं लांबून दिसत नाही. काढणीला त्या पट्ट्यात ओंब्या विरळ होत्या आणि पिकायलाही उशीर झाला.

पिकाने न उचललेलं स्फुरद जमिनीतच साठतं, आणि जास्त झालं तर पिकाला जस्त कमी मिळतं. म्हणून मक्याच्या आधी पुन्हा नमुना देणार आहे. या वेळी आबा सोबत येतो म्हणालेत.