तो एक थेंब

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा फोन आला आणि डोळ्यासमोर आधी आली ती चित्रकलेची खोली, आणि आमचे ड्रॉइंगचे सर.

आठवीत होतो. लँडस्केप चालू होतं, आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, नुकताच टाकलेला, कागद ओला, आणि माझ्या ब्रशमधून पाण्याचा मोठा थेंब टपकन पडला. अल्ट्रामरिन निळा बाजूला सरकला आणि मधोमध पांढरट ढग पसरला, कडा इतक्या मऊ की हाताने काढायला गेलो असतो तर जन्मात जमल्या नसत्या. मी घाबरून फडक्याने टिपायला गेलो तर सरांनी मनगटच धरलं, "हात लावू नको, वाळू दे." वाळल्यावर सगळा वर्ग बघायला गोळा झाला, काय नशीब आहे याचं म्हणाले. सर म्हणाले, "छान आलाय. आता उद्या हाच ढग परत काढून दाखव."

पुढचा दीड महिना मी रोज मधल्या सुट्टीत थेंब पाडत बसलो. कागद फार ओला असला की थेंब विरूनच जायचा, अर्धवट वाळलेला असला की पाणी रंगाला ढकलत न्यायचं आणि दातेरी कडेचा डाग पडायचा. मग हळूहळू कळायला लागलं की कागद तिरका धरून बघायचा, पाणी साचलेलं नसतं पण चमक अजून गेलेली नसते, तेवढाच वेळ आपला.

त्याच दिवसांत सरांनी प्रोटोजेनिसची गोष्ट सांगितली. जुना ग्रीक चित्रकार, कुत्र्याच्या तोंडाचा फेस काही केल्या जमेना, पुसून पुसून वैतागला आणि स्पंज चित्रावर फेकून मारला, तर फेस हुबेहूब उमटला. रोमन लेखक प्लिनीने हे लिहून ठेवलंय. लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात, मला ते पटत नाही. स्पंजमध्ये रंग कुठला होता? त्यानेच इतक्या वेळा लावून पुसलेला! आणि बाकीचा कुत्रा आधीच नीट रंगवून झाला होता म्हणून तर तो डाग फेस वाटला. याच प्लिनीने अपेलीस या दुसऱ्या ग्रीक चित्रकाराबद्दलही लिहिलंय की कितीही काम असलं तरी एक तरी रेष ओढल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

पण नशीब नसतंच असं मी म्हणणार नाही. माझ्याच बाकावर माझ्यापेक्षा कितीतरी चांगला हात असलेला मित्र बसायचा, त्याला नववीत चित्रकला सोडावी लागली. सरावाकडे त्याचं काही उत्तर नाही, मला आजही त्याचं वाईट वाटतं. आणि त्या दिवशी सर माझ्या बाकापाशी उभे नसते तर मी तो ढग पुसूनच टाकला असता.

त्या दीड महिन्यातले शेवटचे तीन-चार कागद अजून जपून ठेवलेत. त्यातला एक ढग पहिल्यापेक्षा चांगला आहे. सरांनी त्याच्या मागे पेन्सिलने फक्त तारीख घातली होती.