बोलून झाले की ओव्हर म्हणायचे

जहाजाच्या रेडिओ रूममधले घड्याळ घरातल्या घड्याळासारखे नसे. त्याच्या तबकडीवर दोन तांबड्या आणि दोन हिरव्या अशा चार पाचरी रंगवलेल्या असत, प्रत्येक पाचर तीन मिनिटांची. तासाच्या 15 व्या आणि 45 व्या मिनिटाला काटा तांबड्या पाचरीत शिरला की 500 किलोहर्ट्झवर मोर्समध्ये, म्हणजे टिंब आणि रेघांच्या सांकेतिक भाषेत, बोलणारी सगळी जहाजे आणि सगळी किनारी केंद्रे तीन मिनिटे गप्प होत, कारण तेवढ्या वेळात एखाद्या संकटातल्या जहाजाची क्षीण हाक कोणाला तरी ऐकू यावी अशी जगभर ठरलेली रीत होती. हिरव्या पाचरी 2182 किलोहर्ट्झवरच्या तोंडी बोलण्यासाठी तसेच मौन सांगत. 1982 ते 1997 अशी पंधरा वर्षे मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, आणि त्या पंधरा वर्षांतला माझा संसार बराचसा या घड्याळाखाली बसून झाला.

माझा भाचा सध्या एका टँकरवर आहे. अटलांटिकच्या मधोमध असतानाही तो आईला मोबाइलवर दिसतो, आणि त्याच्या जेवणाच्या ताटात काय आहे हेही तिला दिसते. गेल्या महिन्यात त्याने मला विचारले, "मामा, तुम्ही घरी कसं बोलायचात?" मी त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते मला अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा दिवस ट्रॅफिक लिस्टभोवती फिरे. मुंबई रेडिओ, म्हणजे व्हीडब्ल्यूबी हे सांकेतिक नाव असलेले किनारी केंद्र, ठरावीक वेळी मोर्समध्ये एक यादी प्रसारित करी. ज्या जहाजांसाठी केंद्राकडे तारा किंवा फोन येऊन पडलेले असत, त्या जहाजांची सांकेतिक नावे त्या यादीत वर्णक्रमाने येत. आमची एटीने सुरू होणारी चार अक्षरे यादीत ऐकू आली की मी केंद्राला हाक देई. काही असेल तर उत्तर येई "क्यूटीसी", म्हणजे तुमच्यासाठी तारा आहेत, आणि काही नसेल तर "क्यूआरयू", म्हणजे तुमच्यासाठी काही नाही. खलाशी मला मार्कोनी साहेब म्हणत. यादीची वेळ त्यांना पाठ असे, आणि कोणी ना कोणी कामाचे निमित्त काढून माझ्या दारावरून जाई. त्याने काही विचारायच्या आत मी मान हलवून नाही म्हणे. ती मान मी पंधरा वर्षांत किती वेळा हलवली असेल याचा हिशेब नाही, पण ती हलवताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचे नाही हे मी फार लवकर शिकलो.

बोलायचे असेल तर मात्र रेडिओ टेलिफोन. जहाज लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, केंद्राला पकडी, केंद्रातला ऑपरेटर शहरातला टेलिफोन फिरवी आणि दोन्ही जोडून देई. आमच्या गिरगावातल्या चाळीत त्या काळी एकच फोन होता, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा, आणि तोच आमचा पीपी नंबर, म्हणजे शेजाऱ्यांकडे लावून आपल्या माणसाला बोलवून घ्यायचा. त्यामुळे वेळ आधी ठरवावी लागे, आणि ती पत्राने ठरे. मागच्या बंदरातून टाकलेल्या एअरोग्राममध्ये, म्हणजे हवाई पत्रात, मी बायकोला लिहीत असे की अमुक तारखेला रात्री नऊला खाली जाऊन बस, त्या दिवशी नाही लागला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. मग समुद्रावर ती तारीख उजाडे तेव्हा आकाश कसे असेल हे कोणाच्याच हातात नसे.

हे आकाशाचे प्रकरण थोडे समजावून सांगायला हवे, कारण आमच्या घरातल्या सुखदुःखाला ते थेट जोडलेले होते. लघुलहरी जमिनीपासून शंभर ते तीन-चारशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरांवरून परत वळतात आणि त्या उडीने हजारो मैल जातात. हे थर सूर्यामुळे तयार होतात, म्हणून दिवसा 16 किंवा 22 मेगाहर्ट्झचे पट्टे चालत आणि रात्री 8 किंवा 4 वर उतरावे लागे. दोन टोकांपैकी एकीकडे दिवस आणि दुसरीकडे रात्र असली की नेमका मधला पट्टा शोधावा लागे, आणि तो कधी कधी वीस मिनिटांपुरताच उघडा असे. शिवाय सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते. 1986 च्या सुमारास ते तळाला होते तेव्हा वरचे पट्टे दिवस दिवस मुके असत, आणि 1989 मध्ये ते शिखराकडे गेले तेव्हा तेच पट्टे खणखणीत वाजू लागले. पण शिखराचीही किंमत असते. 13 मार्च 1989 रोजी पृथ्वीवर आलेल्या चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज गेली, आणि त्याच वेळी उत्तर अटलांटिकमध्ये माझ्या रिसीव्हरवर सगळे पट्टे जणू कोणी पुसून टाकले. गिरगावात माझी बायको दोन रात्री शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, त्यांची जेवणे आटोपून अंथरुणे पडेपर्यंत, बसून राहिली होती. तिला सूर्याचे काय ठाऊक? तिला वाटले, जहाजालाच काही झाले.

मुंबई रेडिओ मिळाला तरी लगेच बोलणे होत नसे. जहाजे रांगेत असत, आणि ऑपरेटर आपला क्रमांक सांगे, "क्यूआरवाय नऊ". मग आपल्या आधीच्या आठ जणांचे संसार ऐकत बसायचे. किनारा एका फ्रीक्वेन्सीवर बोले आणि जहाज दुसऱ्या, त्यामुळे वाट पाहणाऱ्या जहाजांना बहुधा किनाऱ्यावरच्या माणसाचाच आवाज ऐकू येई. कोणाची बायको सांगे की गॅसचा नंबर लागला, कोणाचे वडील विचारत की पैसे कधी पाठवतोस, आणि उत्तर मात्र आपल्याला कळत नसे. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही ही रेडिओ ऑफिसरच्या परवान्याची अट होती आणि आम्ही ती पाळत असू, पण आपली पाळी आली की आपल्या घरचाही प्रत्येक शब्द असाच साऱ्या समुद्रावर पसरणार आहे याची जाणीव दोन्हीकडच्यांना असे. त्यामुळे बोलण्याच्या तीन मिनिटांत कोणी मनातले फारसे बोलत नसे. कमीत कमी आकार, म्हणजे द्यायचे पैसे, तीन मिनिटांचा होता, आणि बहुतेकांची बोलणी त्यातच आटपत.

ओव्हर म्हणणे हे घरच्यांसाठी सर्वांत अवघड. जहाजाकडून एका वेळी एकच गोष्ट होई, बटण दाबले तर बोलणे आणि सोडले तर ऐकणे. टेलिफोनवर "हो का", "अगंबाई", "बरं बरं" म्हणत ऐकायची आपली सवय इथे उपयोगाची नव्हती, कारण मी बोलत असताना तिने म्हटलेले मला कधीच पोचत नसे. पहिल्या वेळी आम्ही दोघेही एकाच वेळी बोललो आणि दोघेही एकाच वेळी गप्प बसलो. मग मी पत्रात लिहिले की सगळे वाक्य पुरते बोल, शेवटी ओव्हर म्हण आणि थांब. शेजाऱ्यांच्या घरात, त्यांच्या सगळ्या माणसांसमोर, तिला तो इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणायला संकोच वाटे. पण पुढे पुढे तिचे बोलणे इतके नेटके झाले की मी ते अजून विसरलेलो नाही: "मुलीचा ताप उतरला, डॉक्टर म्हणाले काळजी नाही, तुम्ही जेवता ना नीट, ओव्हर." एवढ्या वाक्यात तिने काय काय बसवले होते ते बटण दाबायच्या आधी क्षणभर मी मनात मोजत असे. आणि ती थांबे तेव्हा खरेच थांबे, माझे पुरते ऐकून मगच बोले. आमच्या लग्नात एकमेकांचे पूर्ण ऐकून घेण्याची सवय या बटणाने लावली असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ऑपरेटर मंडळींबद्दल मात्र मला कृतज्ञता नोंदवायची आहे. आवाज खाली बुडू लागला की ते मध्ये पडत आणि आमचे निरोप स्वतः पोचवत. "बाई, ते विचारतायत, पत्र मिळालं का?" असे तिला सांगत, आणि तिचे उत्तर मला. तो वेळ ते आकारातून वगळत. त्यांच्यापैकी एकालाही मी कधी भेटलो नाही, पण मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि पहिल्या दोन अक्षरांत मला कळे की आज किल्लीवर, म्हणजे मोर्स वाजवायच्या बटणावर, कोण बसले आहे.

माझी आई गावी असे, वेंगुर्ल्याजवळ, आणि तिथे फोनच नव्हता. वर्षा-दोन वर्षांतून ती मुंबईला आली की तिला माझा आवाज ऐकायला मिळे. ती काहीच बोलत नसे. फोनमधून येणारी खरखर ही समुद्राची गाज आहे अशी तिची समजूत होती, आणि ती ही समजूत गावभर सांगत असे, की माझ्या मुलाच्या मागे समुद्र वाजत होता. खरखर वातावरणातल्या विजांची असते, पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रात ती फार वाढते. मी तिला हे कधी सांगितले नाही.

गावाकडच्या खलाशांची अडचण याहून मोठी होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांपर्यंत पोचायचे साधन म्हणजे तार, आणि पोस्टमन तार घेऊन दिसला की ती उघडायच्या आधीच घरात रडे सुरू होई. म्हणून कित्येक जण मला विनवत, साहेब, ईदची किंवा गणपतीची तार नका पाठवू, घरचे घाबरतील. उलट बाजूने वाईट बातमी येई तेव्हा ती आधी माझ्या हाताखालून जाई. एकदा आमच्या एका सुकाण्याची आई वारल्याची तार आली. त्याची पाळी संपायला दोन तास होते. कॅप्टनशी बोलून आम्ही ठरवले की पाळी संपल्यावर सांगायचे. ते दोन तास तो वर चाकावर उभा होता आणि मी खाली त्याच्या आईची बातमी खिशात ठेवून बसलो होतो. तो निर्णय बरोबर होता का, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. त्याने नंतर एवढेच विचारले की तार कधी आली, आणि मी वेळ खरी सांगितली.

माझी स्वतःची तार मी 1987 च्या जुलैत घेतली. जहाज आफ्रिकेच्या टोकाच्या केपच्या दिशेने चालले होते. मुंबईने क्यूटीसी एक सांगितले आणि पत्त्यात माझेच नाव येऊ लागले. मोर्समध्ये शब्द एकदम येत नाही, अक्षर अक्षर येतो, आणि लिहिणाऱ्याचा हात कानाच्या मागोमाग चालत राहतो. मजकुराचा पहिला शब्द आला, फादर. वडील तेव्हा आजारी होते हे मला माहीत होते. आता पुढचे अक्षर. तारेत मृत्यूसाठी वापरायचा नेहमीचा शब्द एक्स्पायर्ड, आणि तो ई या अक्षराने सुरू होतो. ई म्हणजे मोर्समधले सर्वांत छोटे अक्षर, एकच टिंब. दोन शब्दांमधल्या त्या निमिषभराच्या जागेत मी त्या एका टिंबाची वाट पाहत होतो. आल्या तीन लांब रेघा, डा डा डा. ओ. ऑपरेटेड. आणि पुढे, आउट ऑफ डेंजर. शब्दांची संख्या पडताळून मी पोच दिली, मग नियमाप्रमाणे तार घेणारा म्हणून सही केली आणि खाली तार मिळाली म्हणूनही सही केली. तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर ते ओ इतके दाबून लिहिले गेले आहे की पाठीमागून बोटाला लागते.

रेडिओ बंद पडला म्हणजे घरच्यांवर काय गुजरते याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. सुहेली नावाची 32 फुटी सागवानी शिडाची होडी मुंबईत बांधली गेली, आणि तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 14 जून 1968 रोजी फालमथ सोडून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत त्यांचा रेडिओ निकामी झाला. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडजवळ ते दिसले, आणि त्यानंतर साडेचार महिन्यांहून अधिक काळ त्यांच्या घरच्यांना ते जिवंत आहेत की नाहीत हेही कळले नाही. एप्रिल 1969 मध्ये अझोर्सजवळ त्यांना मोबिल अ‍ॅक्मे नावाचे टँकर भेटले. त्यांनी दिव्याच्या उघडझापीने मोर्समध्ये आपल्या होडीचे नाव कळवले आणि टँकरने ते पुढे इंग्लंडला पोचवले. 22 एप्रिलला ते घरी परतले. त्या टँकरच्या रेडिओ रूममध्ये ती बातमी पुढे धाडताना किल्लीवर जो कोणी बसला असेल, त्याचा मला हेवा वाटतो.

1 फेब्रुवारी 1999 पासून नवी जागतिक संकट-संदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवर मोर्स जाणणारा माणूस ठेवण्याचे बंधन उरले नाही. मी त्याआधीच किनाऱ्यावर आलो होतो. संकटात सापडलेल्या जहाजासाठी नवी व्यवस्था अधिक सुरक्षित आहे यात मला शंका नाही, आणि भाच्याच्या आईला त्याचे ताट दिसते याचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे इतकेच होते, आणि ते मी त्याला सांगितलेही, की दिवसभर केव्हाही लागणाऱ्या फोनची वाट बघत बसणे हे नऊ वाजता लागणाऱ्या फोनची वाट बघण्यापेक्षा कठीण असते, तेव्हा आईला एक वेळ ठरवून दे. आता तो दर रविवारी आपल्याकडच्या रात्री साडेआठला फोन करतो. सव्वाआठला माझी बहीण चष्मा पुसून तयार असते.